गारव्याची पाळी

मी फटकळ तोंडाची आहे, हे आधीच सांगून ठेवते. अकोल्याच्या ज्या कनिष्ठ महाविद्यालयात मी भौतिकशास्त्र शिकवते, तिथली पोरं माझ्या पाठीमागं मला काय म्हणतात ते मला ठाऊक आहे आणि त्यात फारसं खोटं नाही. पण या एका गोष्टीत शिव्या कोणाला द्यायच्या, हे मला अजून सापडलेलं नाही. दोन उन्हाळे झाले, शोधतेच आहे. नाव घेऊन शिव्या घालण्यासारखा एखादा माणूस मिळाला असता तर मला झोप तरी लागली असती.

आमचं गाव रिद्धपूरच्या रस्त्यावर. आम्ही भाजीपाल्याचे लोक. पालक, मेथी, सांबार. पुण्याकडची माणसं सांबार म्हटलं की इडली शोधायला लागतात म्हणून सांगते, आमच्याकडं सांबार म्हणजे कोथिंबीर. आजोबांनी खोदलेल्या विहिरीवर ही वाडी उभी राहिली. पुढं त्यांच्या दोन मुलांत वाटणी झाली तेव्हा जमिनीचे दोन तुकडे झाले, विहीर मात्र एकच राहिली. सात-बाऱ्यावर ती सामायिक म्हणून लागली आहे. एक दिवस पाणी आमच्या घराचं, एक दिवस मोठ्या काकांच्या घराचं. याला पाळी म्हणतात. ज्याची पाळी त्यानं मोटर लावायची, दुसऱ्यानं हात बांधून बसायचं, मग त्याचं वावर करपलं तरी. पाळीवरून आमच्या भागात डोकी फुटलेली आहेत. आमच्या दोन घरांत ती कधी फुटली नाहीत, एवढं खरं.

एक गोष्ट तेवढी पाळीच्या बाहेर होती, ती म्हणजे गाठोडी सोडणं. उन्हाळ्यात संध्याकाळी खुडलेली भाजी रात्रभर घरात ठेवली तर पहाटेपर्यंत मान टाकते. म्हणून जुड्या ओल्या बारदान्यात बांधायच्या, दोराला लावायच्या आणि विहिरीत सोडायच्या, पाण्याला जेमतेम टेकतील न टेकतील अशा. बुडाल्या तर सडतात, फार वर राहिल्या तर सुकतात. पहाटे ओढून काढल्या की तोंडावर पाणी मारल्यासारख्या ताज्या, आणि तशाच अमरावतीच्या बाजारात. वैशाखातही दोन्ही घरांचे दोर शेजारी शेजारी लटकलेले असायचे, पाळी कोणाचीही असो. आई नवी सून म्हणून आली तेव्हा तिनं भीत भीत विचारलं होतं, आज भासऱ्यांची, म्हणजे मोठ्या काकांची, पाळी आहे, मग आपलं गाठोडं सोडायचं की नाही? आजोबा म्हणाले होते, "पाळी पाण्याची असते पोरी, गारव्याची नाही." आई हे आम्हाला इतक्यांदा सांगायची की आम्ही तिच्याआधी वाक्य पुरं करायचो.

धाकटा भाऊ माझ्याहून बराच लहान. बाबा गेल्यावर वाडी त्यानंच सांभाळली. पहाटे छोटा हत्ती भरायचा, गाणी लावायची आणि बाजार गाठायचा, हे त्याचं आयुष्य. मी लग्न केलं नाही म्हणून गावात कुजबुज व्हायची, आणि हा पारावर बसून सगळ्यांना सांगायचा, आमच्या ताईले नवरा परवडत नाही, दर शनिवारी त्याची तोंडी परीक्षा घेईन ती. एका पहाटे वळणावर त्याची गाडी उलटली. मानेचं हाड मोडलं. जीव वाचला, पण छातीखालचं शरीर गेलं. हात थोडे हलायचे, बोटं नाही. डोकं, जीभ आणि खोडी मात्र शाबूत राहिली.

नागपूरच्या डॉक्टरांनी बरंच काही सांगितलं. पाठीला जखमा होऊ देऊ नका, लघवीची नळी अशी बदला, कूस तशी बदला. जाता जाता म्हणाले की याला आता मानेखाली घाम येणार नाही. मी मान हलवली. एवढ्या संकटात घामाचं काय घेऊन बसलात, असंच मनात आलं. पण डॉक्टर विदर्भातलेच होते, त्यांना आमचा उन्हाळा माहीत होता. त्यांनी मला थांबवून पुन्हा सांगितलं, घाम नाही म्हणजे शरीराला थंड व्हायची वाट नाही. बाहेर जसं तापेल तसा हा आतून तापेल.

पहिल्याच एप्रिलात ते कळलं. दुपारी त्याची जीभ जड व्हायची, डोळे वर जायचे, आणि इतका बडबड्या पोरगा हाकेला ओ द्यायचा नाही. ताप कसला म्हणून विचारू नका, आजार नव्हताच तो. खोली तापली की तो तापायचा. आम्ही कूलर लावला. एसी पण बसवला. पण दुपारी गावात लाइन इतकी मरतुकडी येते की तो एसी नुसता घुरघुर करून बंद पडायचा, आणि लाइन गेली की कूलरही थंड, म्हणजे बंद. आई चादर ओली करून अंगावर टाकायची, ती वाळायची, पुन्हा ओली करायची. एकदा त्याला अमरावतीला दवाखान्यात पळवत न्यावं लागलं. मी म्हटलं, चल माझ्याकडं अकोल्याला. तर म्हणतो, "अकोल्याले नेऊन मले भाजून काढतं काय?" खोटं नव्हतं ते. माझं घर वरच्या मजल्यावर, वर पत्रा नसला तरी पत्र्याइतकंच तापणारं.

मी वर्गात दरवर्षी शिकवते की जमिनीच्या पोटात उन्हाळा पोचायला वेळ लागतो, म्हणून विहिरीचं पाणी वैशाखात गार लागतं आणि थंडीत कोमट. हे शिकवता शिकवताच एक दिवस माझ्या डोक्यात आलं की आपण गाठोडं सोडतो तसाच याला गारवा द्यायचा. माणसाला विहिरीत सोडता येत नाही, पण विहिरीचा गारवा खोलीत आणता येतो. वरूडला संत्र्याचे ट्रक इतके फिरतात की तिथल्या भंगारात ट्रकची जुनी रेडिएटरं ढीगभर पडलेली असतात. दोन आणली, धुतली, त्याच्या खाटेसमोर भिंतीला उभी केली, मागं पंखा. छपरावर सोलरची पाटी, तिच्यावर विहिरीतला छोटा पंप आणि हा पंखा, दोन्ही भिंतीवरच्या एकाच बटणानं चालणारे. पाणी विहिरीतून यायचं, रेडिएटरमधून फिरायचं, खोलीतली गरमी उचलायचं आणि नळीनं परत विहिरीत जायचं. थेंबही कमी होत नव्हता. आणि लाइन असो नसो, ऊन जितकं कडक तितका पंप जोरात.

पहिल्या दिवशी खोली गार झाली तेव्हा आई बाहेर जाऊन रडली. धाकटा रेडिएटरकडं बघत बसला होता. म्हणाला, ट्रकचं इंजिन गरम होऊ नये म्हणून हे लावतात, म्हणजे मी आता ट्रक झालो. तेव्हापासून तो सकाळी हाक मारायचा, "आई, ट्रक चालू कर वं." तो अख्खा उन्हाळा तो बोलत होता, भांडत होता, मोबाइलवर बाजारभाव ऐकून चुलतभावाला सल्ले देत होता. त्या तीन-चार महिन्यांइतकी सुखी मी त्याआधी नव्हते आणि नंतरही झाले नाही.

चुलतभावाबद्दल सांगायला पाहिजे. मोठ्या काकांचा मुलगा, माझ्याच वयाचा, कमी बोलणारा. अपघातानंतर आमची जमीन तोच निम्म्यानं करत होता, त्याच भाजीवर आईचं घर चालायचं. धाकट्याला उचलून खुर्चीत बसवायला रोज सकाळी यायचा. बाजारातून येताना त्याच्यासाठी कधी संत्री, कधी जिलबी. असा माणूस.

त्या उन्हाळ्यानंतर पाऊस पडला नाही म्हटलं तरी चालेल. मार्च लागेपर्यंत विहिरीच्या तळाला डबकं उरलं. एका रविवारी मी गावी होते, तेव्हा सकाळी चुलतभाऊ ओट्यावर येऊन बसला. मग त्यानं पिशवीतून सांबाराची एक जुडी काढून माझ्यासमोर ठेवली. पिवळी, लिबलिबीत, वास मारणारी. म्हणाला, विहीर तापून राहिली ताई, चार दिवस झाले माल फेकून राहिलो. मी म्हटलं, काहीतरीच काय. विहीर कशी तापेल? तो वाद घालणारा नव्हता. बाहीनं तोंड पुसलं आणि गेला.

कॉलेजमधला तापमापक आणून मी दोराला बांधून सोडला. त्याचं म्हणणं बरोबर होतं. पाणी भरपूर होतं तोवर खोलीतली गरमी त्यात जिरून जात होती. आता डबक्यात तेच पाणी फिरून फिरून येत होतं. त्यात रेडिएटरमधून परत आलेलं कोमट पाणी हलकं, ते वरच तरंगतं, आणि गाठोडी लटकतात ती नेमकी पाण्याच्या वरच. त्याच्या सांबारात माझ्या भावाची गरमी जात होती. नळी तळाला सोडून पाहिली, तर तेच कोमट पाणी पंप पुन्हा उचलायचा आणि खोली तापायची. ते पाणी वावरात सोडावं तर पाणी वापरणं झालं, ते फक्त आमच्या पाळीला चालणार, आणि आठवड्यात विहीर कोरडी.

उपाय सरळ होता. परत जाणाऱ्या पाण्यासाठी वेगळं बोअर मारायचं. इथून उचलायचं, तिथं सोडायचं. पण आमचा भाग डार्क झोन. संत्र्याच्या बागांनी जमिनीतलं पाणी इतकं ओढलं आहे की नवीन बोअरला बंदी आहे. बंदी आहे म्हणून बोअर होत नाहीत असं नाही, बाप्पा. मशीन येते, आपलं काम करते, सकाळी चिखलाचा ढीग तेवढा दिसतो. सगळ्यांना माहीत असतं आणि कोणालाच माहीत नसतं. चुलतभाऊ म्हणाला, एजंट ओळखीचा आहे, बोलावतो. मी नाही म्हटलं. मी सरकारी पगार घेते, पोरांना नियम शिकवते, आणि आमचं काम तर पाणी उपसण्याचं नव्हतंच. पाणी परत देण्याला कोण कशाला नाही म्हणेल, असं मला वाटलं.

म्हणून मी अमरावतीला पाण्याच्या एका सरकारी कार्यालयात गेले. तिथले साहेब चांगले होते, हेच तर दुखणं आहे. त्यांनी बसायला खुर्ची दिली, चहा दिला, मी काढलेलं चित्र उलटसुलट करून समजून घेतलं. म्हणाले, इतकी वर्षं इथं आहे, बोअर मारण्याआधी विचारायला आलेल्या तुम्ही पहिल्याच. मग कायद्याचं पुस्तक काढलं. आम्ही दोघांनी मिळून त्यात शोधलं. पिण्यासाठी पाणी होतं, शेतीसाठी होतं, कारखान्यासाठी होतं. मी म्हटलं, पाणी नकोच आहे मला, त्यातला गारवा पाहिजे. त्यांनी चष्मा काढला. "मॅडम, कायद्यात पाणी आहे. गारवा नाही," ते म्हणाले.

मग ते मोठ्या कळकळीनं एकेक वाट तपासून बघत बसले. पाणी उपसायचं नसेल तर ही आमची बाबच नाही, मग परवानगी कशाची द्यायची? बोअर मारायचं असेल तर ती आमचीच बाब, आणि बोअरला तर बंदी. वापरलेलं पाणी जमिनीत सोडायचं म्हणजे प्रदूषण आलं, त्याचं खातं वेगळं. मी विचारलं, पाणी जसंच्या तसं आहे, फक्त कोमट आहे, गरमी म्हणजे घाण आहे का? ते म्हणाले, तसं कुठं लिहिलेलं नाही. पण नाही असंही लिहिलेलं नाही, म्हणून त्यांना हो म्हणता येत नव्हतं. मग मी दुसऱ्या खात्यात गेले, तिथं ऊर्जेचं काम चालतं. सूर्याची आहे, वाऱ्याची आहे, उसाच्या चिपाडाची आहे, जमिनीची नाही. तिथल्या बाईंनी मला कौतुकानं विचारलं की हे विज्ञान प्रदर्शनासाठी आहे का. तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. पण बाई बिचाऱ्या खरंच मनापासून विचारत होत्या. दोन्हीकडं अर्ज वर पाठवतो म्हणाले. वर म्हणजे कुठं, ते त्यांनाही सांगता येईना.

इकडं सांबार सडतच होता. शेवटी मी हरले आणि चुलतभावाला म्हटलं, बोलव तुझा एजंट. एजंट फोनवर गोड बोलला आणि मध्येच त्यानं विचारलं की कुठं अर्ज वगैरे केला नाही ना? केलाय म्हटल्यावर त्याचा गोडवा संपला. अर्ज केला म्हणजे आता त्या गटनंबरावर साहेबांचं लक्ष असणार, तिथं मशीन उभी करायला मशीनवाल्यांतला कोणी तयार होणार नाही, असं सांगून त्यानं फोन ठेवला. म्हणजे न विचारणाऱ्या सगळ्या गावाची बोअर झाली, आणि विचारलं म्हणून आमचं राहिलं. मी फोन हातात घेऊन तशीच बसले होते, तेव्हा धाकटा आतून ओरडला, ताई, आणखी एक अर्ज कर, बिनअर्जाचं बोअर मिळावं म्हणून.

अर्जाचं फळ म्हणून पाहणी मात्र झाली. दोघे जण आले, रेडिएटरचे फोटो काढले, त्यातल्या एकानं स्वतःच्या घरी बसवायला किती खर्च येईल ते विचारून घेतलं. जाता जाता सामायिक विहिरीत बदल केल्याबद्दल दुसऱ्या हिस्सेदाराची लेखी संमती मागितली. ती नव्हती. कधी कोणाच्या मनातही आली नव्हती. म्हणून तालुक्याला तहसीलदार साहेबांसमोर दोन्ही घरांना बोलावलं गेलं. चुलतभाऊ धुतलेला सदरा घालून आला होता आणि माझ्याकडं बघत नव्हता. त्याला विचारलं तेव्हा म्हणाला की भावाचं वाईट करायचं मनात नाही, पण भाजी विकली तरच दोन्ही घरं जेवतात. साहेबांनी दोघांचं ऐकून घेतलं. मग त्यांनी आमच्याच घरातली रीत आम्हाला परत दिली. पाण्याची पाळी आहे ना, मग गारव्याचीही पाळी करा. आमच्या पाळीला रेडिएटर चालेल, त्याच्या पाळीला विहीर शांत राहील, त्याची गाठोडी त्याच दिवशी सुटतील. बोअरचा निर्णय येईपर्यंत तात्पुरतं.

मला त्यात एकही चूक काढता आली नाही. चुलतभावालाही नाही. सगळ्यांनी माना हलवल्या आणि अंगठा, सही केली. परत येताना गाडीत आई एवढंच म्हणाली की मामंजी असते तर. घरी धाकट्याला सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं आणि हसला.

"म्हंजे मी आता एक दिवसाआड जित्ता राहू काय?"

आईनं त्याच्या तोंडावर हात ठेवला.

तो एप्रिल आम्ही एक दिवसाआड काढला. आमच्या पाळीला तो बोलायचा, जेवायचा, ट्रक चालू कर म्हणायचा. दुसऱ्या दिवशी लाइन असेल तितका वेळ कूलर, नसेल तितका वेळ ओली चादर. आई त्या दिवशी जेवायची नाही, नुसती बादली आणि चादर करत राहायची. दोनदा फार झालं तेव्हा ती चुलतभावाच्या दारात गेली. दोन्ही वेळा तो हातातलं काम टाकून आला आणि आपल्या पाळीला स्वतःच्या हातानं पंप लावून गेला. दोन्ही वेळा दुसऱ्या दिवशी त्याची गाठोडी उकिरड्यावर गेली. तो काही बोलला नाही, पण आईनं ती उकिरड्यावर पडलेली पाहिली आणि धाकट्यानं खिडकीतून पाहिली. मला हे तेव्हा कोणी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर मी काय दिवे लावले असते, कोण जाणे.

वैशाखात एका संध्याकाळी वादळ आलं, पाऊस नाही, नुसती धूळ. खांब पडले, गावाची लाइन गेली. मी अकोल्यात पेपर तपासणीला होते. सकाळी फोन केला तेव्हा आई म्हणाली, चादर ओली करून राहिली, बरा आहे. मी विचारलं, आज पाळी कोणाची? ती म्हणाली, त्यायची. मी म्हटलं, विचार त्याला. ती हो म्हणाली. समोर गठ्ठा पडला होता, मी फोन ठेवला.

तिनं विचारलं नाही. निघाली होती, पण धाकट्यानं अडवलं. त्याची जीभ तेव्हा जड व्हायला लागली होती, तरी त्यानं दोनदा सांगितलं असं आई म्हणते. "त्याची पाळी हाय. त्याले मांगू नोको." तिसऱ्यांदा कसं मागायचं याची आईलाही लाजच होती. आमच्याकडं माणूस उपाशी राहील, पण दुसऱ्याच्या पाळीला मोटर लावणार नाही. तिनं चादर बदलली, डोक्यावर पाणी घातलं, पुठ्ठ्यानं वारा घातला. चुलतभाऊ बाजारातून येऊन शेजारीच, एका भिंतीपलीकडं आडवा झाला होता. दुपार चढता चढता धाकटा गेला.

मला फोन गल्लीतल्या कोणीतरी केला. अकोल्याहून गाडी करून निघाले. बाहेर रस्ता वितळत होता आणि माझ्या डोक्यात एकच विचार होता, की लाइन नाही, बर्फ अमरावतीहून यायचा, आणि मी पोचेपर्यंत त्या खोलीत त्याचं काय होत असेल. हा विचार कोणी बोलून दाखवत नाही, पण वैशाखात आमच्याकडं सगळ्यांच्या मनात तोच असतो. म्हणूनच माणसं घाई करतात. मी ड्रायव्हरला इतक्यांदा लवकर चल म्हटलं की शेवटी त्यानं उत्तर देणं सोडलं.

ओट्यावर माणसं होती, ती बाजूला झाली. मी दार ढकललं आणि अंगावर गार हवा आली.

रेडिएटर चालू होतं. नळीतून पाणी वाहत असल्याचा आवाज येत होता, मागं पंखा फिरत होता. तो पांढऱ्या चादरीखाली झोपला होता, आणि चादर कोरडी होती. पायाशी आई, आणि कोपऱ्यात भिंतीला टेकून चुलतभाऊ बसला होता. आईचा हंबरडा ऐकून धावत आला होता, आणि आल्याबरोबर पहिल्यांदा त्यानं पंपाचं बटण दाबलं होतं, असं मला मागून कळलं. ताई येईपर्यंत त्याला नीट ठेवायचं म्हणून. आपल्या पाळीला. कोणाला न विचारता.

दोन तास उन्हात भाजून आले होते मी. त्या हवेत उभी राहिले आणि माझ्या अंगाला बरं वाटलं. समोर माझा भाऊ मरून पडला होता आणि माझ्या मानेवरचा घाम सुकत होता, मला घाम येत होता, तो सुकत होता, आणि बरं वाटत होतं. याची मला आजही किळस येते. लोक म्हणतात रडून मोकळी हो. मी तेव्हा रडले नाही, मला संताप आला, नुसता संताप.

चुलतभाऊ माझ्याकडं बघत होता. त्याचे डोळे सुजले होते. "एक आवाज द्याले पाहिजे होता ना," तो म्हणाला. "मी का नाही म्हटलं असतं?"

नसतंच म्हटलं. हे मला ठाऊक होतं, आईला ठाऊक होतं, आणि जो खाटेवर होता त्यालाही ठाऊक होतं. म्हणून तर त्यानं मागू दिलं नाही. मला त्या पंख्याचा आवाज सहन होईना. आता कशाला, आता कोणासाठी, असं काहीतरी तोंडातल्या तोंडात म्हणत मी भिंतीपाशी गेले आणि पंपाच्या बटणाला हात घातला.

आईनं मान वर केली. इतका वेळ ती हललीसुद्धा नव्हती.

"राहू दे वं बाई," ती म्हणाली. "त्याले गरमी सहन नाही होत."

मी हात काढून घेतला आणि त्याच्या उशाशी जाऊन बसले.